बसकणीचा चढ

४ जून

प्रिय ठोंब्या,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला आहे. आत मात्र मीच आहे. आता फोडलंच आहेस तर पुरतं वाच.

तुझा आताचा पत्ता तुझ्या लेकीनं दिला. कामानिमित्त इकडे आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, तुम्ही मला ओळखत नाही, पण मला तुम्हाला एकदा बघायचं होतं." मी म्हटलं, नाकावरून ओळखलं. बिचारीचं नाक अगदी तुझं आहे. तिच्यावर ओरडू नकोस.

काम असं आहे. इथल्या नगरपालिकेनं जुन्या जागांवर दगडी पाट्या लावायचं ठरवलं आहे. वर जागेचं नाव आणि खाली त्या नावाचा मूळ अर्थ. त्यासाठी एक समिती नेमली आणि छत्तीस वर्षं नकाशांवर नावं लिहिलेली बाई म्हणून मलाही तिच्यात ओढलं. अध्यक्ष आहेत एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना हेडसर म्हणतात. ते सगळ्यांना अजून वर्गातच बसल्यासारखं वागवतात. पण मी एक गोष्ट त्यांच्या गळी उतरवली, ती म्हणजे बाबांचा नियम. तीन तोंडं. जागेचं नाव नि त्याचा अर्थ एका म्हाताऱ्या माणसाला विचारायचा, एका रोज तिथून कामाला जाणाऱ्याला विचारायचा आणि एक असा माणूस शोधायचा जो त्या दोघांशी बोलत नाही. तिघांना वेगवेगळं विचारूनही त्यांनी एकच सांगितलं, तरच ते वहीत.

अठरापैकी सतरा नावं झाली. मुकी गल्ली तुला आठवते? तिथं मुकी माणसं राहायची असं आपल्याला वाटायचं. तसं नाही. पलीकडच्या गल्लीत भांडी ठोकणारे होते, दिवसभर असा ठणठणाट की बोलून उपयोगच नसे, म्हणून त्या गल्लीतले लोक हातवाऱ्यांनी बोलत. दीडविहीरचं तर आणखी मजेशीर. दोन भावांचं भांडण झालं, धाकट्यानं ईर्षेनं शेजारी दुसरी विहीर खणायला घेतली आणि निम्म्यावर कातळ लागला. ही अर्धी विहीर अजून आहे. लोक तिच्यात कचरा टाकतात.

घोडं अडलंय ते अठराव्या नावावर. बसकणीचा चढ. आता तिथं चढ असा उरलेला नाही, रस्ता आहे, दुकानं आहेत आणि बसथांबा आहे. बस थांबते म्हणून बसकण, असंही एकानं मला ठासून सांगितलं. पण तिथं खरी बसकण मारलेला माणूस तू आहेस.

या नावावरून आपल्या घरात काय झालं ते मी विसरलेले नाही. बाबांच्या मोजणीच्या वहीत, फील्डबुकात, त्या नावापुढे लिहिलेली तीन तोंडं खोटी निघाली, चौकशी झाली, त्यांना मोजणीवरून काढून सामानाच्या कोठीत बसवलं आणि त्याच खात्यातली तुझी हातात आलेली नेमणूक रद्द झाली. बेचाळीस वर्षं झाली. मी तो विषय काढत नाही. त्या दिवशी तू तिथं का बसलास, एवढंच चार ओळींत लिहून पाठव. तिसरं तोंड म्हणून.

ताई


१९ जून

प्रिय ठोंब्या,

तुझं उत्तर नाही. टपाल गहाळ झालं असेल, असं मी शेजारणीला म्हटलं. ती म्हणाली, "हो हो, झालंच असेल," आणि घाईघाईनं कपडे वाळत घालायला गेली.

तुला आठवत नसेल म्हणून मीच आठवण करून देते. तू सहा वर्षांचा, मी दहाची. बाबा सुट्टीच्या दिवशी आपल्याला मोजणीवर न्यायचे ना, त्यातलाच एक दिवस. आईला वाटायचं आपण रानात हवा खायला जातो. तिला काय माहीत, आपण बिनपगारी नोकर होतो! तुझ्याकडे लाल झेंडा, माझ्याकडे फील्डबुकाची पिशवी आणि बाबांच्या खांद्यावर मोजणीची साखळी. बाबा एकदा चालायला लागले की मागं बघायचे नाहीत. पावलं मोजत असायचे, मधे बोललं की आकडा चुकायचा.

चढाच्या मध्यावर तू वाटेतच मांडी ठोकलीस. बाबा शंभरेक पावलं पुढे गेले होते. मी बरीच मागं होते, पिशवी जड होती. वळून बघतात तो चिरंजीव धुळीत. "ऊठ." "नाही." "का?" "नाही." "पाय दुखतात?" "नाही." बाबांना आकडा सोडून खाली यावं लागलं. त्यांनी दहा म्हणेपर्यंत मुदत दिली, मग शंभर म्हणेपर्यंत. पुढचा झेंडा तूच रोवायचास, अशी लालूच दाखवली. तू ढिम्म. लाकडाची मोळी घेतलेला एक माणूस तुला वळसा घालून गेला आणि बाबांना म्हणाला, "साहेब, हा दगड नकाशावर दाखवा." बाबा इतके हसले की त्यांचा राग तिथंच गेला. तोवर मी पोचले होते. त्यांनी तुला खांद्यावर घेतलं आणि तू हूं का चूं न करता गेलास. मला म्हणाले, "ताई, नोंद कर. इथं आमच्या चिरंजीवांनी बसकण मारली."

तेव्हापासून घरात तो बसकणीचा चढ आणि तू ठोंब्या. जेवताना तू रेंगाळलास की आई म्हणायची, "पोचला वाटतं बसकणीवर."

काल मी ते सगळे दिवस डोळ्यांसमोर आणत बसले होते. बाबा आजीबाईंपुढे उकिडवे बसून विचारायचे, "या ओढ्याला काय म्हणता?" आणि त्या म्हणायच्या, "ओढाच म्हणतो, दुसरं काय म्हणणार?" बाबा तेही लिहून घ्यायचे. ज्या माणसाशी आख्खी वस्ती अबोला धरून असायची त्याच्याही दारात जायचे आणि त्याच्याकडचं पाणी प्यायचे. परतताना म्हणायचे, नकाशावर डोंगर चुकला तर माणूस वाट शोधतो, पण नाव चुकलं तर तिथला माणूसच हरवतो. आपल्याला तेव्हा भूक लागलेली असायची. पण मला ते दिवस फार आवडायचे रे. त्यानंतर मी एवढी कुठंच चालले नाही.

लिही.

ताई


६ जुलै

प्रिय ठोंब्या,

काल समितीची बैठक झाली. बसकणीच्या थांब्यावर चहाचं दुकान चालवणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांना बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं की फार पूर्वी एका बाईचा मुलगा लढाईवर गेला. त्याला निरोप द्यायला ती त्या चढापर्यंत आली. तो दिसेनासा झाला तशी ती खाली बसली, आणि तो येईपर्यंत उठायचं नाही म्हणाली. म्हणून बसकण. सांगता सांगता मावशींना रडू आलं. त्यांचा स्वतःचा मुलगा परदेशात असतो, हे मला नंतर कळलं.

हेडसरांनी आणखी दोघांना विचारलं. एक सायकलदुरुस्तीवाला आणि एक, मावशींशी दुकानाच्या जागेवरून भांडलेला, न्हावी. दोघांनी तीच गोष्ट सांगितली. हेडसर माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन तोंडं झाली, बाई. तुमचा नियम." मी म्हटलं, मला पंधरा दिवस द्या, बाहेरगावाहून एक साक्ष यायची आहे.

तू मनातल्या मनात हसत असशील. तुला नियमाचा उरलेला भाग माहीत आहे, तो मी पहिल्या पत्रात गाळला. एका चुलीवरची दोन तोंडं म्हणजे एकच तोंड. तुझी नि माझी साक्ष मिळून एकच, तिचा समितीला काडीचा उपयोग नाही. ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी. मला तुझ्याकडून साक्ष नको होती. तुला पत्र लिहायला निमित्त हवं होतं.

आणि निमित्त कशाला हवं होतं, तर तू घर सोडलंस तो दिवस सांगायला. तू नेमणूक रद्द झाल्याचं पत्र घेऊन आलास. सहा महिने तू त्या नोकरीसाठी रोज सकाळी साखळी धरायचा सराव करत होतास, अंगणात, आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीनं. तू बाबांना विचारलंस, "तीन तोंडं म्हणायचात ना? सांगा ना मग, ती तीन माणसं कुठं राहतात? मी जाऊन विचारतो." बाबा बोलले नाहीत. तू म्हणालास, "मला खोटारड्याच्या हाताखाली वाढवलंत." आई मधे पडली, तिलाही तू बाजूला केलंस. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हात पिठानं भरलेले होते.

आज इथंच थांबते. डोळ्यांतून पाणी येतंय, चष्मा बदलायला झालाय.

ताई


७ जुलै

ठोंब्या,

चष्मा ठीक आहे. कालचं पत्र टाकून आले आणि जेवण गेलं नाही. आता लिहिते ते एका दमात लिहिते, मधे थांबले तर पुन्हा मिठाची गुळणी धरीन.

ते नाव बाबांनी घातलं नव्हतं. मी घातलं.

नकाशाघरात लागून मला पाच महिने झाले होते. काम तुला माहीतच आहे. मोजणीवाल्यांच्या वहीतली नावं बारीक निबेनं नकाशावर उतरवायची, आपल्या डोक्यानं एक मात्रासुद्धा घालायची नाही. त्या दिवशी आपल्या भागाचं पान माझ्या टेबलावर आलं. मी भिंगातून बघत होते आणि तो चढ दिसला. उंचीच्या रेषा दाटीनं वर चाललेल्या आणि मधे मोकळी जागा, नाव नाही. मला इतका आनंद झाला रे. तू धुळीत बसलेला दिसलास. मी लिहिलं, बसकणीचा चढ. शाई वाळली की बाबांना वर बोलावून दाखवायचं, हसायचं आणि ब्लेडनं खरवडून टाकायचं, असा बेत होता. आम्ही सगळे असं करायचो. कुणी आपल्या सासूचं नाव दलदलीला द्यायचं, कुणी साहेबांचं नाव उजाड टेकडीला, आणि संध्याकाळच्या आत पुसायचं.

दुपारी आईला चक्कर आल्याचा निरोप आला आणि मी तशीच धावत घरी गेले. तीन दिवसांनी परत आले तर पान छापायला गेलेलं. तेव्हा सांगायला हवं होतं. एका लहानशा चढाकडे कोण बघतंय, असं म्हणून मी कानाडोळा केला.

दोन वर्षांनी तिथून रस्ता काढायचं ठरलं, हद्दीचा वाद झाला आणि वरच्या कचेरीनं नकाशा आणि फील्डबुक शेजारी शेजारी मागवलं. बाबांनी आदल्या दिवशी आपली वही काढून ताडून पाहिली. मला जिन्याखाली बोलावलं आणि नकाशावर बोट ठेवलं. "हे तुझं?" मी हो म्हटलं. मी साहेबांना सांगते, असंही म्हटलं, हे तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. ते म्हणाले, "तुझी नोकरी कच्ची आहे. माझी पिकून गळायला आली आहे. गप्प बैस." दुसऱ्या दिवशी वहीत नाव होतं आणि पुढे तीन तोंडं होती. एक म्हातारी, एक मोळीवाला, एक मेंढपाळ. बाबांना खोटं लिहायची सवय कुठं होती? आजूबाजूची जुनी शाई फिकट पडलेली आणि त्यांनी मधे काळीभोर ओळ लिहिली. तपासायला आलेल्या माणसानं पान उघडताक्षणी ओळखलं.

त्यांना वाटलं होतं आपल्यावर येईल, आपल्यावरच थांबेल. तुझ्या नेमणुकीपर्यंत जाईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. तू गेल्यावर ते तीन वेळा मोठ्या साहेबांकडे गेले, तुझ्यासाठी. साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही.

आणि त्या संध्याकाळी, तू ओरडत होतास तेव्हा, मी तोंड उघडणार होते. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. ती मान त्यांनी माझ्या काळजीनं हलवली. मी ती माझी सोय करून घेतली. बाबांनी नको म्हटलं, बाबांनी नको म्हटलं, असं म्हणत बेचाळीस वर्षं काढली. ते गेले तेव्हा तुला तार केली, तू आला नाहीस आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण हायसं वाटलं होतं. तू आला असतास तर सांगावं लागलं असतं.

कोठीत ते नऊ वर्षं होते. झेंडे, साखळ्या, तिपाया देणं नि परत घेणं. पोरं मोजणीवर निघाली की दारापर्यंत यायचे आणि विचारायचे, आज कुठल्या बाजूला?

माझ्यासाठी काही मागत नाही. माझ्यावर थुंकलास तरी चालेल. फक्त बाबा खोटारडे नव्हते, एवढं तू घे. तुझे बाबा तू परत घे.

ताई


२ ऑगस्ट

ठोंब्या,

तुझं काही आलं नाही, येईल असं धरूनही चाललेले नाही. पण झालेलं कळवते, कारण आता सांगायची सवय लागली आहे.

परवा बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं. नाव मी घातलं, गमतीनं घातलं, वडिलांनी माझ्यासाठी बोल लावून घेतला. मला वाटलं होतं भिंती हलतील. हेडसरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "याला पुरावा?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "म्हणजे तोंड एक. त्यांची तीन." बेचाळीस वर्षांनी कबुली दिली तर ती घ्यायलाच कुणी तयार नाही! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

चहावाल्या मावशी मागं बसल्या होत्या. त्या मला बाहेर गाठून म्हणाल्या, "बाई, तुमचा भाऊ बसला असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्या आधी तिथं कुणी बसलंच नसेल कशावरून? चढ आहे. दमलेलं माणूस बसणारच." मग विचारलं, "भाऊ बोलत नाहीत का तुमच्याशी?" मी नाही म्हटलं. त्यांनी चहा दिला. पुष्कळ साखरेचा होता, पण प्यायले.

पाटी महिनाअखेरीला लागणार आहे. तिच्यावर त्या आईची गोष्ट असेल. माझा विरोध मी लेखी दिला आहे, तो फायलीत राहील. त्यात वडिलांच्या नावापुढे "चूक कन्येची" असं मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. एवढंच माझ्या हातात होतं.

तब्येतीला जप. लेकीला सांग, पुन्हा आली तर उतरायला घर आहे.

ताई


११ ऑगस्ट

ताई,

सात जुलैचं पत्र पोचलं त्या दिवसापासून मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बायको म्हणाली, एक तर फाड नाहीतर उत्तर लिही. माफ केलं असं लिहायला चार वेळा बसलो. लिहवत नाही. तू मला एकदा, एकदाच, स्टेशनवर येऊन सांगितलं असतंस तर मी गाडीतून उतरलो असतो. मी बाबांचा फोटोसुद्धा घरात लावला नाही. माझ्या मुलीला सांगितलं की आजोबा लबाड होते. हे कसं निस्तरायचं ते मला कळत नाही.

पाटी आहे तशीच लागू दे. त्या चहावाल्या बाईंच्या गोष्टीतली आई बसू दे तिथं. समितीला मी काही लिहून देणार नाही.

वीस तारखेच्या गाडीनं येतो आहे. तुला पुष्कळ बोलायचं आहे, ते कागदावर मावत नाही, त्यासाठी येतो आहे. बाबांचं फील्डबुक कोठीत असेल तर काढून ठेव. मला ती काळी ओळ बघायची आहे. लेक बरोबर असेल.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. तुझी हकीकत बरोबर आहे, पण पिशवी जड नव्हती. आईनं तुला नवे बूट घेतले होते आणि टाच सोलून रक्त आलं होतं. पायथ्याशी बूट काढून तू मला दाखवलंस आणि म्हणालीस, बाबांना सांगायचं नाही, नाहीतर ते पुन्हा नेणार नाहीत. शपथ घातलीस. मग बाबा चालायला लागले, मी त्यांच्या मागं, आणि तू मागं पडत गेलीस. मी वळून वळून बघत होतो. तू लंगडत होतीस, रडत होतीस आणि मी बघितलं की हसत होतीस. बाबा मागं बघेनात. सांगायचं तर शपथ. म्हणून मी बसलो. मी बसलो तर बाबा थांबणार, आणि ते थांबले तर तू पोचशील.

तू येऊन टेकलीस, मग मी उठलो.